विमानात ए की एफ? बेळगावहून निघणाऱ्यांसाठी खिडकीचा हिशेब

प्रश्न खानापूरच्या एका ताईंचा आहे. डिसेंबरात त्या, त्यांचे यजमान, आई आणि नववीतला मुलगा असे चौघे दार्जिलिंगला निघालेत. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून सकाळी हैदराबाद, तिथून दुपारी दिल्ली, दिल्लीत भावाकडे दोन दिवस मुक्काम आणि मग दार्जिलिंगच्या पायथ्याचा बागडोगरा विमानतळ. येताना बागडोगऱ्याहून मुंबई, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मुंबईहून बेळगाव. आईंना अर्धशिशी आहे, डोळ्यांवर ऊन आलं की डोकं उठतं. मुलाला मात्र खिडकीतून सगळं बघायचंय. जागा निवडायला वेगळे पैसे पडतात, म्हणून त्यांनी विचारलंय : आईंना सावलीच्या बाजूला बसवलं तर मुलाचा देखावा जाईल का? आणि कुठल्या उड्डाणाला पैसे देणं खरंच गरजेचं आहे?

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की सावली आणि देखावा यांचं भांडण लोक समजतात तेवढं नसतं. बहुतेक वेळा सावलीची खिडकी हीच देखाव्याची खिडकी असते. बेळगावात तिकिटांचं काम करताना आणि यात्रेचे गट घेऊन जाताना मी हे इतक्यांदा पाहिलंय की आता गिऱ्हाईकाला आधी हेच सांगतो. सूर्य ज्या बाजूला असतो त्या बाजूची जमीन आपल्याला उजेडाच्या उलट दिशेने दिसते. धुरकट, पांढुरकी, डोळे बारीक करून बघावी लागणारी. त्याच्या विरुद्ध बाजूच्या जमिनीवर ऊन समोरून पडलेलं असतं, म्हणून शेतांचे बांध, नद्यांची वळणं, डोंगरांच्या घड्या स्वच्छ उठून दिसतात. फोटोही तिकडचेच चांगले येतात. तेव्हा आईंची सोय पाहिलीत तर मुलाची सोय बहुतेक वेळा आपोआप होते. तुमच्या प्रवासात याला अपवाद एकच उड्डाण आहे, त्याच्याकडे नंतर येतो.

आता बाजू कशी काढायची ते. विमान जिकडे जाणार तिकडे तोंड करून घरात उभ्या राहा. डाव्या हाताची खिडकी म्हणजे ए अक्षराची जागा, उजव्या हाताची म्हणजे एफ. तीन-तीन खुर्च्यांच्या एअरबस आणि बोइंगमध्ये हे पक्कं आहे. दोन-दोन खुर्च्यांच्या पंख्याच्या एटीआरमध्येही इंडिगोकडे खिडकीची अक्षरं हीच. मग फक्त एवढंच विचारायचं की त्या वेळी सूर्य कुठे असेल.

इथे बरेच जण सकाळ-दुपार एवढंच बघतात, ते पुरत नाही. उत्तर-दक्षिण उडणाऱ्या विमानात बाजू ठरते वेळेवरून. पूर्व-पश्चिम उडणाऱ्या विमानात बाजू ठरते ऋतूवरून. हा फरक लक्षात आला की निम्मा हिशेब झाला.

उत्तरेकडे जाताना सकाळी सूर्य उजवीकडे, म्हणून ए सावलीत. दुपारनंतर सूर्य डावीकडे, म्हणून एफ सावलीत. दक्षिणेकडे जाताना याच्या बरोबर उलट. पण सकाळ संपते कधी? आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे आणि बेळगाव साधारण ७४.५ वर. एका अंशाला चार मिनिटं धरली तर आपल्याकडे सूर्य घड्याळापेक्षा सुमारे अर्धा तास मागे असतो. म्हणजे बाराला नव्हे, साडेबाराच्या आसपास तो माथ्याची रेषा ओलांडतो, फेब्रुवारीत त्याहून थोडा उशिरा. दुपारी बाराचं उत्तरेकडचं विमान असेल तर ऊन अजून उजवीकडेच आहे. बागडोगऱ्याला उलटी गंमत आहे. ते ८८ अंशांच्या पुढे असल्याने तिथे सूर्य साडेअकराच्या सुमारासच माथ्यावर येतो आणि डिसेंबरात पावणेपाचच्या सुमारास मावळतो. आपल्याकडे त्या वेळी चांगलं लख्ख ऊन असतं.

पूर्व-पश्चिम उड्डाणाचं वेगळं. ऑक्टोबर ते मार्च सूर्य दिवसभर दक्षिणेकडून फिरतो. पूर्वेला जाताना दक्षिण उजव्या हाताला येते, म्हणून ए सावलीत. पश्चिमेला जाताना दक्षिण डाव्या हाताला, म्हणून एफ सावलीत. विमान दोन तास उशिरा सुटलं तरी हे बदलत नाही. उत्तर-दक्षिण विमान मात्र अकराचं दोनला सुटलं की पैसे देऊन घेतलेली सावली दुसऱ्या बाजूला गेलेली असते. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं अशी उलथापालथ नेहमी करतं. म्हणून दक्षिणेकडून दिल्लीला येण्या-जाण्याच्या उड्डाणांना मी जागेचे जास्त पैसे द्यायला सांगत नाही.

मे-जूनची एक गोष्ट लोकांना पटत नाही, पण ती खरी आहे. विमानातल्या माणसाला उन्हाळ्याच्या भर दुपारपेक्षा हिवाळ्याचं ऊन जास्त त्रास देतं. बेळगाव जवळजवळ १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो, उभ्या खांबाची सावली पायाशी गोळा होते. मधल्या काळात तो भर दुपारी थोडा उत्तरेकडेच असतो. त्या दिवसांत दुपारचं ऊन विमानाच्या छपरावर पडतं, खिडकीतून आत येतच नाही, दोन्ही बाजू सारख्याच. उलट डिसेंबरात सूर्य दिल्लीला भर दुपारीसुद्धा जेमतेम ३८ अंश वर चढतो. ते तिरकं ऊन खिडकीतून आत शिरून मांडीपर्यंत येतं, आणि सकाळ-संध्याकाळ तर मधली वाट ओलांडून समोरच्या रांगेतल्या माणसाच्या डोळ्यांत जातं. एटीआरसारख्या अरुंद विमानात हे फार जाणवतं. अशा वेळी पलीकडच्या माणसाला सरळ सांगावं, "जरा झडप खाली करता का, आईंना उन्हाचा त्रास आहे." कुणी नाही म्हणत नाही.

अर्धशिशीच्या माणसासाठी आणखी एक बारकावा बघावा लागतो. ऊन नुसतं डावीकडून की उजवीकडून येतं एवढं पुरेसं नाही, ते पुढून येतं की मागून हेही महत्त्वाचं. मागून तिरकं आलेलं ऊन खांद्यावर, मानेवर पडतं. पुढून आलेलं थेट डोळ्यांत. हिवाळ्यात उत्तरेकडे जाताना सूर्य सगळा वेळ पाठीशी राहतो, म्हणून बेळगावहून दिल्लीकडचा प्रवास सौम्य आणि परतीचा कडक. झडप लावली की काम झालं, असं कुणी म्हणेल. पण उड्डाण आणि उतरणं या दोन्ही वेळी झडप उघडी ठेवायला सांगतात, काही घडलं तर बाहेरची परिस्थिती दिसावी आणि डोळे उजेडाला सरावलेले असावेत म्हणून. सांबरा-हैदराबादसारख्या छोट्या उड्डाणात चढण्या-उतरण्यातच बराच वेळ जातो. तेवढा वेळ बाजू बरोबर असणं हाच उपाय. आणि आईंना सावलीच्या बाजूची खिडकीच द्या, मधली किंवा कडेची खुर्ची नको. झडप आपल्या हातात असली की माणूस निर्धास्त बसतो.

आता तुमची उड्डाणं एकेक करून घेऊ.

सांबऱ्याहून हैदराबाद म्हणजे पूर्वेकडे, किंचित उत्तरेला झुकून. डिसेंबरातल्या सकाळी सूर्य उजवीकडे आणि पुढून. सावली डावीकडे, ए. आई आणि मुलगा दोघांनाही डावीकडेच एकामागे एक बसवा. चढताना डावीकडे घटप्रभेचं खोरं येतं. हिडकलचा जलाशय, गोकाकच्या बाजूचे खडकाळ डोंगर, मग उसाचा हिरवा पट्टा. उजवीकडे नविलुतीर्थाचा जलाशय आणि सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर राहतो. रेणुकेचं दर्शन वरून घ्यायची इच्छा असणारे पुष्कळ असतात आणि ती इच्छा मला समजते, पण डिसेंबरातल्या सकाळी तो भाग उन्हाच्या बाजूला असल्याने फिकट दिसतो. अलमट्टी धरणाचं पाणी मात्र साधारण मार्गाखालीच येतं, विमान थोडं इकडे-तिकडे झालं की डावीकडे किंवा उजवीकडे. पावसाळ्यानंतर ते भरलेलं असतं, कृष्णेचा तो पसारा वरून पाहिल्यावरच नीट कळतो. त्या पलीकडे विजापूरकडची कोरडी, तपकिरी जमीन सुरू होते आणि पाणी जिथवर पोचलंय तिथवरचा हिरवा रंग एका रेषेत संपतो. नववीतल्या मुलाला भूगोलात कालवे शिकवले असतील, ही रेषा त्याला दाखवा.

विमान एटीआर निघालं तर आनंद माना. त्याचे पंख खिडकीच्या वर असतात, त्यामुळे कुठल्याही रांगेतून खाली दिसतं. ते जेटच्या मानाने बरंच खालून उडतं, त्यामुळे गावं, देवळं, रस्ते ओळखू येतात. फक्त पुढच्या भागात पंख्याशेजारच्या रांगा टाळा, तिथे आवाज आणि थरथर जास्त, अर्धशिशीला ते चांगलं नाही. चढायचं-उतरायचं दार मागे असतं, तेव्हा वयस्कर माणसाला मागच्या रांगा सोयीच्या. ५० आसनांचं छोटं एम्ब्रेअर असेल तर त्यात डावीकडे एकच खुर्ची असते, खिडकीचीही आणि कडेचीही. ज्याला शेजारी कुणी नको आणि खिडकीही हवी त्याच्यासाठी याहून चांगली जागा नाही. त्याची इंजिनं शेपटीजवळ असतात, म्हणून मागच्या रांगा सोडा. मोठ्या एअरबसमध्ये साधारण दहाव्या ते विसाव्या रांगेपर्यंत पंख आडवा येतो. झोके कमी हवे असतील तर पंखाजवळ, देखावा हवा असेल तर त्याच्या पुढे. अगदी मागे बसलं तरी दिसतं, पण इंजिनाच्या गरम हवेने चित्र थरथरतं. आणीबाणीच्या दाराजवळची रांग पाय पसरायला चांगली असली तरी वयस्करांना आणि मुलांना ती देत नाहीत, तिचे पैसे भरू नका.

हैदराबादहून दुपारी दिल्ली म्हणजे सरळ उत्तर. सूर्य मागून डावीकडे, सावली एफला. देखावा हिवाळ्यात धुरकट असतो. दिल्ली जवळ येताना चंबळची फाटलेली खोरी दिसली तर दिसली. हे विमान आधीच्या वेळेवर आलं किंवा सकाळचं मिळालं तर बाजू उलटते, म्हणून इथे पैसे घालू नका. वेब चेक-इन (प्रवासाआधी ऑनलाइन जागा घ्यायची सोय) उघडल्याबरोबर जी मिळेल ती उजवी खिडकी घ्या.

आता बागडोगरा. याच्यासाठी पैसे द्या, आणि लवकर द्या. दिल्लीहून बागडोगऱ्याला जाताना हिमालय सगळा वेळ डावीकडे असतो आणि डिसेंबरातला सूर्य सगळा वेळ उजवीकडे, दक्षिणेला. म्हणजे ए ची खिडकी सावलीत, आणि बाहेर बर्फाच्या शिखरांवर समोरून ऊन. सावली आणि देखावा एकाच खिडकीत इतके पूर्णपणे एकत्र आलेलं दुसरं उड्डाण मला देशात माहीत नाही. गंगेच्या मैदानावर हिवाळी धुराचा थर असतो, पण शिखरं त्याच्या वर डोकं काढून उभी असतात. पश्चिमेकडून क्रमाने आधी धवलगिरी आणि अन्नपूर्णा, मग बराच वेळ नुसती रांग, मग ८,८४९ मीटरचं एव्हरेस्ट आणि त्याच्या शेजारी मकालू, आणि उतरायच्या सुमारास ८,५८६ मीटरचं कांचनजंगा. विमान भारताच्या हद्दीतून, मैदानावरून जातं, त्यामुळे शिखरं शंभर किलोमीटरपेक्षाही जास्त लांब असतात. एव्हरेस्ट फार मोठं दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. ओळखायची खूण म्हणजे आजूबाजूच्या पांढऱ्या रांगेतून वर आलेलं काळसर, त्रिकोणी टोक, कारण वाऱ्याने त्याच्या उतारावर बर्फ फार टिकत नाही. कांचनजंगा मात्र भव्य दिसतं, अनेक शिखरांचा एकच पांढरा वाडा असल्यासारखं.

वेळ निवडता आली तर दिल्लीहून दुपारी बारा-एकच्या सुमाराचं विमान घ्या. सकाळचं धुकं निवळलेलं असतं, आणि शेवटच्या तासाभरात पश्चिमेकडे झुकलेल्या सूर्याने शिखरं सोनेरी व्हायला लागतात. चारच्या आत उतरलात तर दार्जिलिंगचा घाट पूर्ण अंधारात चढावा लागत नाही, निदान सुरुवातीचा भाग तरी उजेडात होतो. बागडोगरा हवाई दलाचा तळ आहे, चाकं जमिनीला लागली की मोबाइल खाली ठेवायचा, तिथे फोटो काढायला मनाई असते. मुलाला आधीच सांगून ठेवा, कारण नेमकं तेव्हाच मुलांना लढाऊ विमानं दिसतात.

येताना बागडोगऱ्याहून मुंबई म्हणजे पश्चिम-नैर्ऋत्येकडे. आता हिमालय उजवीकडे, पण फक्त सुरुवातीला. सूर्य डावीकडून, आणि दुपार उलटल्यावर जवळजवळ समोरून. सावली एफला. संध्याकाळी पश्चिमेकडे उडताना आपण सूर्याच्या मागे मागे जात असतो, त्यामुळे मावळतीचा उजेड जमिनीवर असतो त्यापेक्षा जास्त वेळ टिकतो. मुलाला ते बघायला आवडेल, आईंना नाही. आईंना एफ, आणि शक्य तितकं पुढे. मुंबईत विमान बहुतेक वेळा पूर्वेकडून येऊन पश्चिमेला तोंड करून उतरतं. तेव्हा उजव्या खिडकीत पवईचा तलाव दिसतो.

शेवटचं उड्डाण मुंबई ते बेळगाव, तोच तो अपवाद. दिशा दक्षिण-आग्नेय, वेळ दुपार, म्हणून सूर्य उजवीकडे. सह्याद्रीची धार, कोकणात कोसळणारे कडे आणि समुद्रही उजवीकडेच. आईंना डावी खिडकी, मुलाला उजवी, इथे मात्र वाटणी करावी लागेल. मुलाला उन्हाचं काही वाटत नसेल तर उजवी बाजू वाया जात नाही. समुद्र आणि खाड्या यांचं सौंदर्य उन्हाच्या बाजूनेच खुलतं, पाणी चकाकतं आणि नदीचा प्रत्येक फाटा चांदीच्या तारेसारखा वेगळा दिसतो. जमिनीचे रंग मात्र मावळतात. कोयनेचा शिवसागर जलाशय मार्गाच्या अगदी जवळ येतो, कधी या खिडकीत कधी त्या. हिवाळ्यात वारा पूर्वेचा असला तर विमान बेळगाव शहरावरून येऊन पूर्वेला तोंड करून सांबऱ्याला उतरतं, तेव्हा येळ्ळूरचा राजहंसगड आणि हलग्याजवळची सुवर्ण विधानसौधाची मोठी इमारत उजवीकडे राहते. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, तेव्हा हेच सगळं उलट.

हेच मुंबईचं विमान सकाळी असतं तर वाद मिटला असता. सकाळी ऊन पूर्वेकडून येतं आणि पश्चिमेचा सह्याद्री, कोकण, किनारा सगळं उजळून निघतं. म्हणून सकाळी बेळगावहून मुंबईला जाताना डावी खिडकी, सकाळी मुंबईहून बेळगावला येताना उजवी. आपल्याकडचे बरेच लोक चोर्ला घाट उतरून गोव्याच्या मोपा विमानतळावर जाऊन विमान धरतात, त्यांनाही हाच नियम. मुंबई-गोवा मार्गावर जाताना असो वा येताना, सकाळचं विमान घ्या आणि समुद्राची बाजू मागा. सावली फुकट मिळते. यासाठी सगळ्यांत चांगला महिना ऑक्टोबर, हवा धुतलेली आणि डोंगर अजून हिरवे.

पावसाळ्यात जाणाऱ्यांसाठी थोडं वेगळं सांगतो, तुम्हाला आत्ता लागणार नाही पण पुढे उपयोगी पडेल. जुलैत सांबऱ्याहून उडालं की थोड्याच वेळात विमान ढगांत शिरतं, आणि ढगांच्या वर आल्यावर खालून इतका पांढरा उजेड परततो की सावलीच्या बाजूलाही डोळे दिपतात. झडप अर्धी खाली ओढून बसायचं. पण सावलीच्याच बाजूने ढगांवर लक्ष ठेवायचं. विमानाची सावली ढगावर पडते आणि तिच्याभोवती रंगांचं पूर्ण वर्तुळ उमटतं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दिसणारं इंद्रवज्र ते हेच. ते नेहमी सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला दिसतं, उन्हाच्या बाजूला बसलेल्यांना कधीच नाही. कड्यावर ते नशिबाने दिसतं, विमानातून पावसाळ्यात पुष्कळदा.

मार्गाची खात्री करायची असेल तर विमानांचे मार्ग दाखवणाऱ्या फ्लाइटरडार२४ या संकेतस्थळावर त्याच क्रमांकाचं विमान गेल्या काही दिवसांत कुठून गेलं ते पाहा. विमानं नकाशावरच्या सरळ रेषेत जात नाहीत, आणि सांबऱ्याची वेळापत्रकं आणि विमानांचे प्रकार वरचेवर बदलतात. म्हणून मी वर दिशा सांगितल्या, उड्डाण क्रमांक नाही. विमान बदललं की जागाही बदलतात. प्रवासाच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा तिकीट उघडून बघा.

पैशांचं म्हणाल तर दोनच ठिकाणी द्या. दिल्ली-बागडोगरा उड्डाणाला आई आणि मुलासाठी डावीकडच्या दोन खिडक्या, एकामागे एक, पंखाच्या पुढे. दार्जिलिंगला जाणारे सगळेच ए मागतात, त्या आधी संपतात, म्हणून तिकीट काढतानाच त्या पकडा. आणि मुंबई-बेळगावला आईंसाठी डावी खिडकी. बाकी तिन्ही उड्डाणांना वेब चेक-इनच्या वेळी जे मिळेल त्यातून बाजू साधता येईल. हैदराबादला जाताना डावी मिळाली नाही आणि उजवीच आली तर आईंना कडेच्या खुर्चीवर बसवा, तुमचे यजमान खिडकीत बसतील, आणि विमान वर गेल्यावर झडप ओढून घेतील.